‘भूमिका’ आणि ‘उंबरठा’: स्मिता पाटील यांच्या दोन अभिनयांच्या तुलनेचा आढावा

श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) आणि जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ (१९८२) या दोन चित्रपटांतील स्मिता पाटील यांचे काम मराठी चित्रपटचर्चेत नेहमी शेजारी-शेजारी ठेवले जाते. पहिल्यात त्या चित्रपटनटी आहेत, दुसऱ्यात महिलाश्रमाच्या अधीक्षिका. दोन्हींत घराबाहेर पडणारी विवाहित स्त्री आहे, तिला एक मुलगी आहे, आणि चित्रपट संपतो तेव्हा ती एकटी आहे. कथेतल्या या साम्यामुळे तुलना सहज सुचते. ती कोणत्या कसोटीवर करायची, याबद्दल मात्र एकमत झालेले नाही.

पुरस्कार प्रमाण मानले तर जोडी वेगळीच बनते. स्मिता पाटील यांना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार दोनदा मिळाला: एकदा ‘भूमिका’साठी आणि पुढे रवींद्र धर्मराज यांच्या ‘चक्र’साठी. ‘उंबरठा’ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण त्या वर्षीचा अभिनेत्रीचा मान ‘उमराव जान’साठी रेखा यांच्याकडे गेला. असे असूनही मराठी प्रेक्षक ‘भूमिका’च्या शेजारी ‘चक्र’ न ठेवता ‘उंबरठा’ ठेवतो. जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरील ‘चक्र’मधली झोपडपट्टीतली अम्मा मध्यमवर्गीय प्रेक्षकाला दुरून पाहता येते. ‘उंबरठा’तली सुलभा महाजन त्याच्याच घरातली सून आहे. तिच्याविषयी मत न बनवता चित्रपटगृहातून बाहेर पडणे त्याला शक्य नव्हते, आणि त्या मताची छाया अभिनयाच्या मूल्यमापनावरही पडली.

पार्श्वभूमी

स्मिता पाटील यांचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ रोजी पुण्यात झाला. वडील शिवाजीराव पाटील हे खानदेशातले राजकारणी, आई विद्याताई समाजकार्यात. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारा हा चेहरा बेनेगल यांनी हेरला. ‘चरणदास चोर’, ‘निशांत’ आणि ‘मंथन’ या त्यांच्या चित्रपटांतून स्मिता पाटील पुढे आल्या. जब्बार पटेल यांच्याशी त्यांचे नाते ‘सामना’ (१९७५) आणि ‘जैत रे जैत’ (१९७७) या चित्रपटांपासूनचे. म्हणजे तुलनेतले दोन्ही दिग्दर्शक त्यांना आधीपासून ओळखत होते आणि दोघांनीही ही पात्रे त्यांच्या ताकदीचा अंदाज घेऊनच त्यांच्याकडे दिली.

समांतर चित्रपटाने अभिनयाची मागणीच बदलली होती. रंगभूमीवरून आलेले दिग्दर्शक, विजय तेंडुलकर, गिरीश कार्नाड, सत्यदेव दुबे यांच्यासारखे लेखक आणि गोविंद निहलानी यांच्यासारखे छायालेखक एकत्र आल्यावर पात्राचे मन संवादातून सांगण्याची निकड कमी झाली. नटीने थांबावे, ऐकावे, हातातले काम करत राहावे, आणि कॅमेऱ्याने ते टिपावे, अशी रीत रुळत गेली. स्मिता पाटील यांचा सावळा, ठसठशीत चेहरा या रीतीला अनुकूल होता, हे सगळेच मान्य करतात. पण अनुकूल चेहरा म्हणजे अभिनय नव्हे, आणि ‘चेहराच बोलतो’ असे म्हणून मोकळे होण्याची सवय त्यांच्याविषयीच्या पुष्कळ लेखनाला लागली आहे.

दोन चित्रपटांमधल्या पाच वर्षांत महाराष्ट्रातले वातावरणही पालटले. १९७५च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षानंतर स्त्रीप्रश्नाला सार्वजनिक भाषा मिळू लागली होती. मथुरा बलात्कार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरवल्यानंतर, १९७९-८०च्या सुमारास, मुंबईसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या. मुंबईतल्या स्त्री-संघटनांच्या कामाशी स्मिता पाटील यांचा स्वतःचा संबंध होता. ‘भूमिका’ या लाटेच्या आरंभी आला आणि ‘उंबरठा’ ती ऐन भरात असताना. त्यामुळे ‘भूमिका’तल्या उषाकडे एका नटीची शोकांतिका म्हणून पाहिले गेले, तर सुलभाकडे एका प्रश्नाची प्रतिनिधी म्हणून.

‘भूमिका’: उषा आणि उर्वशी

‘भूमिका’चा आधार हंसा वाडकर यांचे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन. ‘संत सखू’, ‘रामशास्त्री’, ‘लोकशाहीर रामजोशी’ अशा चित्रपटांतून गाजलेल्या या अभिनेत्रीने आपले आयुष्य सांगितले आणि अरुण साधू यांनी ते शब्दबद्ध केले. १९७१मध्ये त्या वारल्या. कार्नाड, दुबे आणि बेनेगल यांनी लिहिलेल्या पटकथेलाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नावे बदलली, प्रसंगांची निवड केली गेली, आणि आत्मकथनातले काही अधिक क्रूर अनुभव पडद्यावर आले नाहीत.

चित्रपट सुरू होतो तो स्टुडिओतल्या नृत्याच्या चित्रीकरणापासून. उर्वशी या पडद्यावरच्या नावाने प्रसिद्ध असलेली उषा नवरा केशव दळवी (अमोल पालेकर) याच्याशी भांडून घर सोडते, हॉटेलात राहायला जाते, आणि मग तिचा भूतकाळ उलगडत जातो. कलावंत घराण्यातली गाणारी आजी, कडक आई (सुलभा देशपांडे), आजारी वडील, मुंबईला नेऊन तिला चित्रपटात घालणारा केशव, त्याच्याशी आईच्या मनाविरुद्ध तिने केलेले लग्न. लग्नानंतर तिला काम सोडून संसार करायचा आहे. केशव तिच्याच कमाईवर जगू लागतो आणि तिचा व्यवहार सांभाळतो. त्यानंतर सहनट राजन (अनंत नाग) याची लांबून चाललेली निष्ठा, दिग्दर्शक सुनील वर्मा (नसीरुद्दीन शाह) याच्याबरोबर ठरलेली आणि फसलेली आत्महत्या, आणि शेवटी विनायक काळे (अमरीश पुरी) या जमीनदाराचा वाडा. भूतकाळाचा बराच भाग कृष्णधवल आहे, वर्तमान रंगीत.

या पटकथेमुळे नटीवर तीन वेगळी कामे येऊन पडतात. पहिले वयाचे. उषाचे बालपण एका बालकलाकाराने साकारले आहे. त्यानंतरची किशोरवयीन मुलगी ते मोठ्या मुलीची आई हा सगळा पल्ला विशीतल्या स्मिता पाटील यांनी एकटीने पार केला. रंगभूषेचा आधार जुजबी आहे. वय दिसते ते बसण्याच्या पद्धतीत, पदर सावरण्याच्या वेगात, आवाजाच्या जडपणात. तरुण उषा वाक्य संपायच्या आत पुढच्या हालचालीत असते. हॉटेलच्या खोलीतली उषा हालचाल सुरू करून मध्येच सोडून देते.

दुसरे काम अधिक अवघड, आणि त्याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही. उषा नटी आहे, म्हणून तिचे चित्रपटातले काम दाखवायचे तर स्मिता पाटील यांना १९४० आणि १९५०च्या दशकांतल्या शैलीत अभिनय करावा लागतो: मोठे हावभाव, ठरीव मुद्रा, गाण्यावर ओठ हलवण्याची जुनी रीत. वनराज भाटिया यांनी संगीतही त्या काळाच्या वळणाने बांधले आहे. यात विडंबन शिरायला फार वाव होता. स्मिता पाटील यांनी ते शिरू दिलेले नाही. उर्वशीची नृत्ये पाहताना जाणवते ती एका व्यावसायिक बाईची कसलेली सफाई. कॅमेरा थांबला की तीच बाई क्षणात थकलेली दिसते. समकालीन वास्तववादी अभिनय आणि पूर्वसूरींची शैली यांचा असा एकत्र वापर त्या काळच्या हिंदी चित्रपटात विरळाच.

तिसरे काम वाड्यातले. काळ्यांकडे उषा स्वखुशीने गृहिणी होते. मंगळसूत्र, देवघर, अंथरुणाला खिळलेली थोरली पत्नी, सासूच्या जागी असलेली वृद्धा (दीना पाठक) आणि मुलगा, असे सारे तिला मिळते आणि ती त्यात खरोखर रमते. पुढे एका साध्या बाहेर जाण्याला नकार मिळतो आणि आपण कैदेत आहोत हे तिला कळते. या प्रसंगात आक्रोश आहे, पण त्याआधीचा अविश्वास जास्त बोलका आहे: आपण काही चुकीचे ऐकले असावे, असा भाव चेहऱ्यावर काही क्षण टिकतो. पोलिसांच्या मदतीने तिला सोडवायला येतो तो केशवच. थोरली पत्नी तिला निघताना सांगते की जागा आणि पुरुष बदलले तरी बाईची अवस्था तीच राहते. त्यावर उषा काही बोलत नाही. हॉटेलच्या खोलीत वाजणाऱ्या फोनपाशी चित्रपट तिला सोडतो.

‘उंबरठा’: सुलभा

‘उंबरठा’ शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवर आधारलेला आहे; पटकथा विजय तेंडुलकर यांची. सुरेश भट आणि वसंत बापट यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत यांमुळे चित्रपट न पाहिलेल्यांपर्यंतही तो पोहोचला. समाजकार्याचे शिक्षण घेतलेली सुलभा वकील नवरा सुभाष (गिरीश कार्नाड), सासू, दीर-जाऊ आणि लहान मुलगी राणी यांच्यासह सुखवस्तू घरात राहते. सासू स्वतः सामाजिक कामात नाव असलेली बाई. परगावच्या महिलाश्रमात अधीक्षिकेची नोकरी सुलभाला मिळते आणि ती जाते. तिथे नियमांआड चालणारा गैरकारभार, राजकीय दबाव, व्यवस्थापनाची बेपर्वाई आणि आश्रमातल्या स्त्रियांचे एकमेकींशी असलेले गुंतागुंतीचे संबंध तिच्यासमोर येतात. दुर्दैवी घटनांनंतर चौकशी होते, ती पद सोडून परत येते. घरात तिची जागा उरलेली नाही. नवऱ्याचे दुसरे संबंध तिने समजून घ्यावेत अशी त्याची अपेक्षा आहे. ती पुन्हा निघते.

‘भूमिका’तल्या विस्ताराच्या तुलनेत इथे नटीच्या हाती साधने थोडी आहेत. काळाचा पल्ला लहान. वेश सुती साड्यांचा, साधा. नृत्य नाही, दुसऱ्या काळाची शैली नाही, मोठ्याने फुटण्याचे प्रसंग मोजके. आश्रमात बोलतात त्या इतर स्त्रिया. सुलभा बहुतेक वेळ ऐकते, विचारते, नोंद घेते. प्रत्येकीची कहाणी तिच्यावर आदळते, आणि अधिकारी म्हणून ती ते चेहऱ्यावर दाखवू शकत नाही. या दडपणातून काम उभे राहते. पहिल्या दिवसांतला ताठ मणका आणि ठाम पावले हळूहळू सैलावत नाहीत, उलट अधिक आखडत जातात. शिस्त लावण्याचा सुरुवातीचा उत्साह काही वेळा कठोरपणाकडे झुकतो, आणि स्मिता पाटील तो कठोरपणा झाकत नाहीत. सुलभाला प्रत्येक क्षणी सहानुभूती मिळावी असा त्यांचा प्रयत्न दिसत नाही, आणि त्यामुळेच ती खरी वाटते.

घरातले प्रसंग याहून नाजूक आहेत. सासूशी तिचे भांडण होत नाही. दोघी सुसंस्कृत भाषेत बोलतात आणि त्या भाषेतच नकार दिला जातो. नवरा दुष्ट नाही, तिच्यावर प्रेम करणारा आहे. अशा घरात ठामपणा दाखवताना आवाज चढवला तर पात्र उद्धट ठरते, नाही चढवला तर दुबळे. स्मिता पाटील यांनी आवाज खाली ठेवून वाक्याच्या शेवटी थांबण्याची जागा वाढवली. परतल्यानंतर राणी जवळ येत नाही, त्या वेळी सुलभाचे पुढे झालेले हात मागे घेणे हा या चित्रपटातला सर्वांत सहन न होणारा क्षण आहे. शेवटी आगगाडीत बसलेल्या सुलभाच्या चेहऱ्यावर खेद आहे की सुटका, हे ठरवणे प्रेक्षकावर सोडले आहे.

तुलनेतली मुख्य मते

पहिले मत ‘भूमिका’ला वरचढ मानते. त्याचा युक्तिवाद आवाक्याचा आहे. वयाचे टप्पे, अभिनयातला अभिनय, चार पुरुषांशी चार तऱ्हांची नाती, गाणे आणि नृत्य: एवढे सगळे एका नटीने एका चित्रपटात, तेही कारकिर्दीच्या प्रारंभी, पेलल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण. उषा चुकते, मोहात पडते, स्वतःशी खोटे बोलते, आणि या विसंगती एका व्यक्तीच्या वाटतात. राष्ट्रीय पुरस्काराने या मताला वजन दिले.

दुसरे मत ‘उंबरठा’कडे झुकते. ‘भूमिका’त प्रसंगच इतके तीव्र आहेत की नटीला पटकथा उचलून धरते, असे ते म्हणते. सुलभाच्या वाट्याला असे आधार नाहीत; तिचा संघर्ष चांगल्या माणसांशी आहे आणि तो दाखवायला नाट्यमय कलाटण्या मिळत नाहीत. संयमातून इतका ताण टिकवणे ही प्रगल्भतेची खूण, आणि पाच वर्षांच्या अनुभवानेच ती आली, असा या पक्षाचा दावा आहे. मराठीत सहजतेने बोलणाऱ्या, शिक्षित घरातल्या स्मिता पाटील या पात्रात अधिक आपल्या वाटतात, अशी भरही त्यात पडते.

तिसरे मत अभिनयापेक्षा पात्रांच्या अर्थाकडे पाहते. स्त्रीवादी अभ्यासात दोन्ही चित्रपटांवर बरेच लिहिले गेले आहे. उषा स्वातंत्र्य शोधते पण प्रत्येक वेळी एका पुरुषाच्या आश्रयाने; सुलभा कामाच्या आश्रयाने शोधते. म्हणून सुलभा पुढचे पाऊल आहे, असे काही अभ्यासक मानतात. याला आक्षेपही आहे. उषा पहिल्यापासून कमावती आहे, कुटुंबाला पोसते, तरी तिचा पैसा तिच्या हाती नाही. सुलभाला पगाराची गरजच नाही. कष्टकरी कलावंतिणीच्या प्रश्नापेक्षा सुखवस्तू सुनेचा प्रश्न पुढारलेला ठरवणे हा वर्गाचा पूर्वग्रह असू शकतो. हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही.

‘उंबरठा’च्या प्रदर्शनानंतर मराठी घरांमध्ये जी चर्चा झाली तिचा रोख मात्र निराळा होता: लहान मुलीला सोडून आईने जावे का? अभिनयाविषयीचे मत या प्रश्नाच्या उत्तराशी जोडले गेले. ज्यांना सुलभाचा निर्णय पटला नाही त्यांना स्मिता पाटील थंड वाटल्या. ज्यांना पटला त्यांना त्या धीरगंभीर वाटल्या. उषानेही मुलीला मागे ठेवले होते, पण तिच्याबाबत हा सवाल एवढ्या जोराने विचारला गेला नाही. नटीकडून लोकांनी मातृत्वाची तेवढी अपेक्षाच ठेवली नव्हती.

विस्तार विरुद्ध संयम ही विभागणी सोयीची असली तरी ती फार ताणता येत नाही. ‘भूमिका’तले सर्वांत टिकाऊ क्षणही निःशब्द आहेत: वाड्यात नकार ऐकल्यानंतरचा अविश्वास, थोरल्या पत्नीच्या बोलण्यावरचे मौन. उलट सुलभाचा संयम काही ठिकाणी तुटतो आणि तिथे उषाची ओळखीची धग दिसते. नटीची रीत दोन्हींकडे एकच आहे. आधी शरीराने प्रतिक्रिया द्यायची, मग चेहऱ्याने, आणि शब्द सर्वांत शेवटी. फरक आहे तो पटकथांनी त्या रीतीला दिलेल्या जागेत.

अनिर्णित प्रश्न

पहिला प्रश्न श्रेयाच्या वाटपाचा. निहलानी यांचा कॅमेरा आणि रंगीत-कृष्णधवल रचना ‘भूमिका’त उषाच्या वयाचा भार काही अंशी उचलतात, ‘उंबरठा’त तेंडुलकरांची काटकसरी पटकथा मौनाला अर्थ देते. दोन्ही दिग्दर्शकांनी स्मिता पाटील यांच्याबरोबर इतर चित्रपट केले, त्यामुळे ‘निशांत’ आणि ‘मंथन’ एका बाजूला व ‘जैत रे जैत’ दुसऱ्या बाजूला ठेवून दिग्दर्शकागणिक त्यांचे काम कसे बदलते हे तपासता येते. चर्चेत ही तपासणी क्वचितच होते; दोन चित्रपट सुटे काढून तुलना केली जाते.

दुसरा प्रश्न खऱ्या व्यक्तीचा. हंसा वाडकर यांचे चित्रपट उपलब्ध आहेत, आत्मकथनही आहे. स्मिता पाटील यांनी त्यांची नक्कल केलेली नाही, हे उघड आहे. चरित्रपटातील अभिनय मूळ व्यक्तीशी ताडून पाहावा की पटकथेतल्या पात्राशी, यावर उषाचे मूल्यमापन बदलते. आत्मकथनातला हंसाबाईंचा सूर रोखठोक आहे, विनोदालाही न बिचकणारा. पडद्यावरची उषा त्यापेक्षा अधिक अंतर्मुख आणि दुःखी आहे. ही निवड लेखक-दिग्दर्शकांची की नटीची, याचा निवाडा झालेला नाही. हंसाबाईंच्या वाचकांना या फरकाची खंत वाटत आली आहे आणि ती निराधार म्हणता येणार नाही.

तिसरा प्रश्न भाषेचा. ‘उंबरठा’ची ‘सुबह’ ही हिंदी आवृत्तीही निघाली. मराठीबाहेरच्या अनेक समीक्षकांनी सुलभाला हिंदीत पाहिले आणि त्याच आधारावर ‘भूमिका’शी तुलना केली. मराठी आवृत्तीत सासू-सुनेच्या बोलण्यातला आदर आणि दुरावा ‘तुम्ही’-‘तू’च्या वापरात, घरगुती शब्दांत दडलेला आहे, हिंदीत तो त्याच वजनाने उतरतो का, आणि उतरत नसेल तर नटीने त्याची भरपाई कशाने केली, हे दोन्ही आवृत्त्या प्रसंगागणिक शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. ‘भूमिका’च्या बाबतीत नेमका उलटा पेच आहे: मूळ अनुभव मराठी, पात्रे कोकण-मुंबईतली, संवाद हिंदी. उषाच्या हिंदीला असलेली मराठी वळणे काहींना उणीव वाटली, काहींना ती पात्राची सचोटी वाटली.